रिपोर्ट नॉर्मल आहे, खरं पोरगा झोपत नाही

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले होते. खानापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावातून ते मामा पहिली बस धरून आले होते. सोबत बायको आणि बावीस वर्षांचा मुलगा. मुलाच्या मेंदूचा एमआरआय आदल्या दिवशीच झाला होता, आज फक्त रिपोर्ट न्यायचा होता. पाकीट घेऊन बाहेर गेलेले मामा दहा मिनिटांत परत आले. कुणाकडून तरी वाचून घेतलं असावं.

"ताई, सगळं नॉर्मल हाय म्हणून लिहिलंय. खरं पोरगं रातभर झोपत नाही, एकटंच बोलालंय, शेताकडं जाईत नाही. मग हे नाटक करालंय काय?"

मुलगा शेजारीच उभा होता, मान खाली घालून. त्याने ते ऐकलं.

बेळगावात एमआरआयच्या खोलीत काम करून मला चौदा वर्षं झाली. रिपोर्ट लिहिणं हे रेडिओलॉजिस्टचं काम, निदान करणं मानसोपचारतज्ज्ञाचं, आणि मी मशीन चालवते. पण मामांनी विचारलेला प्रश्न मी मराठीत आणि कानडीत इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं नीट उत्तर द्यावं असं फार दिवस मनात होतं. 'नॉर्मल' या एका शब्दावरून घरात मारहाण झालेली मला माहीत आहे. (मामांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आधी हे की रोजच्या एमआरआयमध्ये मेंदूची घडण दिसते. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, रक्त अडकून एखादा भाग निकामी झालाय का, सूज आहे का, फिट येणाऱ्या माणसाच्या मेंदूत जंताची अळी जाऊन बसली आहे का. यातल्या कशामुळेही माणूस अचानक विचित्र वागू शकतो, म्हणून डॉक्टर आधी ते तपासून घेतात. 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच, की यातलं काही सापडलं नाही. गावाचा नकाशा काढला तर घरं, विहिरी, रस्ते सगळं जागच्या जागी दिसेल. पण गावात जत्रा चालू आहे की भावकीचं भांडण, ते नकाशात कुठून दिसणार? स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, नसते संशय येणं), नैराश्य, बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी) असे मनाचे आजार बहुतेक वेळा त्या नकाशात दिसत नाहीत. शेकडो रुग्णांची सरासरी काढली तर मेंदूच्या काही भागांच्या जाडीत थोडा फरक सापडतो, पण एका माणसाच्या चित्रावर बोट ठेवून 'हा बघा आजार' असं म्हणता येत नाही.

मग गावातली हालचाल बघायची सोय आहे का? आहे. तिला फंक्शनल एमआरआय म्हणतात, आणि तिचा एक प्रकार, ज्यात माणसाने काहीच न करता पडून राहायचं असतं, त्याबद्दल मला सांगायचं आहे. त्याला रेस्टिंग-स्टेट एफएमआरआय म्हणतात, म्हणजे स्वस्थ पडलेल्या मेंदूचं चित्रण.

मशीन तेच असतं, तेच मोठं चुंबक. ३ टेस्लाचं असेल तर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास-साठ हजार पट ताकदीचं. बघण्याची रीत वेगळी. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. ऑक्सिजन धरलेला असतो तोवर ते चुंबकाशी जवळजवळ अलिप्त राहतं. ऑक्सिजन सोडून दिला की आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित गडबड करतं आणि तिथला सिग्नल मंदावतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त जास्त धावतं, अगदी गरजेपेक्षाही जास्त, म्हणून तिथे ऑक्सिजनवालं रक्त वाढतं आणि चित्र थोडं उजळतं. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये हे दाखवलं, आणि १९९२ मध्ये माणसाच्या मेंदूवर ते वापरलं जाऊ लागलं. फरक फार बारीक असतो, बहुधा एखाद-दोन टक्क्यांचा. आणि तो उशिरा येतो. मोटर चालू केली तरी पाटाने पाणी शेवटच्या वाफ्यात पोचायला वेळ लागतो ना, तसा इथे साधारण पाच सेकंदांचा उशीर. म्हणजे मशीनला विचार दिसत नाही. कुठल्या वाफ्यात पाणी चाललंय तेवढं दिसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीची काही वर्षं सगळे एकाच पद्धतीने बघत होते. बोटं हलवा, चित्र बघा, शब्द वाचा, आणि त्या वेळी कुठला भाग उजळतो ते नोंदवायचं. माणूस नुसता पडलेला असताना जो सिग्नल वर-खाली होतो, तो कचरा समजून बाजूला काढला जात असे. अमेरिकेतल्या मिलवॉकी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात भारत बिस्वाल हा भारतीय वंशाचा विद्यार्थी काम करत होता. त्याने त्या कचऱ्याकडेच लक्ष दिलं. हात हलवताना मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे जे भाग उजळतात, ते हात अजिबात न हलवता, नुसतं पडून असतानाही एकाच लयीत वर-खाली होताना त्याला दिसले. लय अगदी संथ, एका हेलकाव्याला दहा सेकंदांहून जास्त. १९९५ मध्ये हा शोध छापून आला. बऱ्याच जणांनी तेव्हा मानला नाही, श्वासाचा किंवा नाडीचा परिणाम असेल म्हणाले. शंका रास्तच होती, पण ती लय टिकली.

लयीवरून जोडणी कशी ओळखायची, ते मला एका रात्री आमच्याच भागात उमगलं. यळ्ळूरचा राजहंसगड बेळगावातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. अंधार पडल्यावर वरून खाली बघितलं की आजूबाजूच्या गावांचे दिवे दिसतात. यळ्ळूर, सुळगे, देसूर, नंदिहळ्ळी, लांबवर शहराचा उजेड. समजा पावसाळ्याच्या दिवसांत लाईट ये-जा करते आहे. तुम्ही तासभर बसून नुसतं बघितलं की कुठल्या दोन वस्त्यांचे दिवे दर वेळी एकत्रच जातात आणि एकत्रच येतात, तर तारा न बघताही सांगाल की या दोन्हीकडे वीज एकाच लाईनीवरून येते. जवळजवळ असलेल्या दोन गावांचे दिवे वेगवेगळ्या वेळी जातील, आणि लांबच्या दोन गावांचे एकाच वेळी.

स्वस्थ मेंदूच्या चित्रणात हेच करतात. माणसाला मशीनमध्ये ठेवायचं, डोळे उघडे ठेवून एका खुणेकडे बघायला किंवा डोळे मिटायला सांगायचं, झोपू नको म्हणायचं. साधारण दहा मिनिटं, दर दोन सेकंदांनी सबंध मेंदूचं एक चित्र, म्हणजे सुमारे ३०० चित्रं. मग मेंदूचे, समजा, २०० भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचा दहा मिनिटांचा चढउतार काढायचा. कुठल्या दोन भागांचा चढउतार किती जुळतो, ते आकड्यात मांडायचं. तंतोतंत जुळला तर +१, काहीच संबंध नसेल तर ०, एक वर जाताना दुसरा खाली येत असेल तर उणे. २०० भागांच्या अशा १९,९०० जोड्या होतात. या सगळ्या आकड्यांचा जो तक्ता तयार होतो, तो त्या माणसाच्या मेंदूतल्या सुसंवादाचा, म्हणजे मेळाचा, नकाशा. यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही.

नुसत्या पडलेल्या माणसाच्या मेंदूत बघण्यासारखं असतं तरी काय? मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतली सुमारे २० टक्के तो एकटा घेतो, बसल्या बसल्या. गणित सोडवायला बसलात तर त्या खर्चात जी वाढ होते ती ५ टक्क्यांच्याही आत. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल यांनी २००१ मध्ये सांगितलं की काही भाग तर काम नसतानाच जास्त जागे असतात आणि बाहेरचं काम आलं की शांत होतात. कपाळामागचा मधला भाग, डोक्याच्या मागच्या बाजूला आतल्या अंगाचा एक पट्टा, आणि कानांच्या वर-मागे दोन्हीकडे एकेक जागा. या सगळ्यांना मिळून डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. दुपारी ओसरीवर टेकलेलं असताना मन जिथे जातं, म्हणजे जुन्या आठवणी, उद्याची चिंता, तो मला असं का बोलला, माझं काय चुकलं, त्या सगळ्याशी या जाळ्याचा संबंध आहे. मनाचे आजार बहुतेक तिथेच तर छळतात.

आता आमच्या भागातली गोष्ट. मनाच्या आजाराचं निदान बोलण्यातून होतं. रुग्ण काय सांगतो, कसं सांगतो, घरचे काय सांगतात, यावरून. आणि इथे सीमेवर बोलणं हीच अडचण. माणूस विचार मराठीत करतो, केसपेपर कानडीत भरला जातो, रिपोर्ट इंग्रजीत येतो. 'जीव लागत नाही', 'काळजात कालवतंय', 'डोक्यात मुंग्या आल्यागत होतंय', 'बाहेरचं काहीतरी लागलंय', हे दुसऱ्या भाषेत नेताना निम्मं सांडतं. कितीतरी डॉक्टर मनापासून प्रयत्न करतात, तोडकं-मोडकं मराठी बोलतात, नर्सला मध्ये घेतात. तरी सुनेने सासूच्या देखत आपल्या मनातलं काय सांगावं, आणि तेही तिसऱ्या माणसाकडून भाषांतर करून?

म्हणून जिथे काही बोलावंच लागत नाही अशा तपासणीचं मला पहिल्यांदा फार अप्रूप वाटलं होतं. बोटं हलवा, शब्द ओळखा म्हटलं की सूचना समजावी लागते, अक्षरओळख लागते. इथे काहीच नको. खानापूरची आजी असो, कानडी-इंग्रजी न समजणारा गवळी असो, नीट बोलू न शकणारं मूल असो, नुसतं पडून राहायचं. संशोधकांनाही ही पद्धत याच कारणाने आवडली. लहान मुलं, विस्मरण झालेले वृद्ध, बेशुद्ध रुग्ण, ज्यांच्याकडून काही करून घेता येत नाही त्यांच्याही मेंदूतला सुसंवाद बघता येतो.

आणि सापडलंही बरंच. अल्झायमरमध्ये डिफॉल्ट मोड नेटवर्कच्या भागांतला मेळ ढिला पडतो, हे २००४ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसचं नातं बदललेलं दिसतं. डोळे, कान, त्वचेकडून येणारी बहुतेक खबर ज्या नाक्यावरून पुढे जाते तो हा भाग. त्याचा कपाळामागच्या, विचार आवरणाऱ्या भागाशी मेळ कमी, आणि संवेदना व हालचालीच्या भागांशी जास्त, असं अनेक ठिकाणच्या अभ्यासांत आढळलं. ज्याला नसलेल्या हाका ऐकू येतात त्याच्या मेंदूत असं काही असावं, हे ऐकून मला तरी पटतं. नैराश्याचं मात्र गाडं अडलं आहे. आधीचे लहान अभ्यास म्हणत होते की डिफॉल्ट मोड नेटवर्क आपल्यातच जास्त गुंतून राहतं. मग चीनमध्ये २५ गटांनी १,३०० रुग्णांची चित्रं एकत्र केली. २०१९ मध्ये छापलेला त्यांचा निकाल उलटा होता. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा येतं त्यांच्यात तो मेळ कमी दिसला, आणि औषधांचा त्यात हात असावा असंही वाटलं.

म्हणून मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. घडण शाबूत असून मेळ बिघडू शकतो. दिवे, खांब, तारा सगळं जागेवर, आणि तरी घर अंधारात. 'नॉर्मल' रिपोर्टवाला मुलगा नाटक करत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर कडू आहे. मग हेच स्कॅन करून मुलाला काय झालंय ते सांगा की, असं मामा म्हणाले तर 'नाही जमत' म्हणावं लागेल. आज जगात कुठल्याही मान्यताप्राप्त पद्धतीत स्किझोफ्रेनिया, नैराश्य, ऑटिझम किंवा एडीएचडीचं (एका जागी लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा) निदान या स्कॅनवरून करत नाहीत. का, ते मी जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक फसतात.

शंभर रुग्णांची सरासरी आणि शंभर निरोगी माणसांची सरासरी यांत फरक असणं वेगळं, आणि समोरचा एक माणूस कुठल्या गटातला ते ओळखणं वेगळं. चिक्कोडीतल्या पुरुषांची सरासरी उंची खानापूरच्या पुरुषांपेक्षा अर्धा इंच जास्त निघाली असं धरा. म्हणून एखाद्याची उंची मोजून त्याचं गाव सांगाल का? मेंदूच्या मेळात तर माणसामाणसांतला फरक आजाराच्या फरकापेक्षा मोठा असतो. २०१५ च्या एका अभ्यासात १२६ जणांमधून, एका दिवशीच्या मेळाच्या तक्त्यावरून दुसऱ्या दिवशीचा तोच माणूस संगणकाने दहात नऊपेक्षा जास्त वेळा बरोबर शोधला. अंगठ्याच्या ठशासारखं. माणूस ओळखतो, पण आजार ओळखत नाही.

२०११ ची एक स्पर्धा मला फार शिकवून गेली. विषय होता एडीएचडी. ९७३ मुलं आणि तरुणांची स्वस्थ मेंदूची चित्रं गोळा करून जगाला आवाहन केलं की संगणकाला शिकवा आणि ओळखून दाखवा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाला सर्वांत जास्त गुण मिळाले, सुमारे ६२ टक्के. पण त्यांनी मेंदूच्या चित्रांना हात लावलाच नव्हता. वय, मुलगा की मुलगी, उजवा की डावरा, आणि बुद्ध्यंक, एवढ्यावरच त्यांनी अंदाज बांधला होता. चित्रं वापरणारे सगळे त्यांच्या मागे राहिले. त्यानंतर पद्धती सुधारल्या हे खरं, पण दर वेळी एकच होतं. तीस-चाळीस माणसांच्या अभ्यासात ९० टक्के अचूकता दिसते, आणि अनेक शहरांतल्या, अनेक मशीनवरच्या हजार माणसांवर तेच करून बघितलं की आकडा ६०-७० वर येतो. २०२२ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तर स्पष्टच सांगितलं, की मेंदूचा मेळ आणि माणसाचं वागणं यांचा खात्रीचा संबंध काढायला हजारो माणसं लागतात.

समजा उद्या ८० टक्क्यांची तपासणी आली. रुग्णांपैकी १०० तले ८० ओळखते, निरोग्यांपैकी १०० तले ८० सोडते. हजार वस्तीच्या गावात दहा जणांना तो आजार आहे असं धरू. दहातले आठ सापडतील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी १९८ जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे २०६ जणांना 'तुम्हाला आजार आहे' सांगितलं जाईल आणि त्यातल्या आठांनाच तो असेल. लग्नाच्या वयाची मुलगी त्या १९८ मध्ये असली तर काय होईल, ते आपल्या गावात राहणाऱ्याला मी सांगायला नको.

आणि डोकं हलणं. हे माझ्या रोजच्या हाताखालचं. माणसाला आत पाठवण्याआधी आम्ही मंगळसूत्र, जोडवी, पिना, करदोडा, दंडातला ताईत सगळं काढून घेतो. डोकं कॉइलमध्ये, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या पिंजऱ्यात, ठेवून दोन्ही गालांशी स्पंज खुपसतो, कानात बोळे, हातात दाबायचा रबरी फुगा. 'हलू नका हं मावशी' म्हणते, त्या 'नाही वो' म्हणतात, आणि ते म्हणतानाच हलतात. साध्या स्कॅनमध्ये चित्र अस्पष्ट आलं तर मी ते पुन्हा काढते. स्वस्थ मेंदूच्या स्कॅनमध्ये मिलिमीटरच्या एखाद्या अंशाएवढी हालचालही फसवते. पुन्हा राजहंसगडावर चला. पावसाळ्यात ढगाचा एक पुंजका गड आणि गावांच्या मधून सरकला की शेजारशेजारच्या वस्त्या एकदम दिसेनाशा होतात आणि एकदम दिसू लागतात. वाटतं, सगळ्यांची लाईन एकच! डोकं हलल्यावर अगदी तसंच होतं. जवळच्या भागांत खोटा मेळ वाढतो, लांबच्या भागांतला खरा मेळ कमी दिसतो. २०१२ च्या सुमारास हे नीट उघड झालं, तेव्हा मुलांवरच्या बऱ्याच जुन्या निष्कर्षांकडे परत बघावं लागलं. लहान मुलं आणि चंचल मुलं जास्त हलतात. मग जो फरक दिसला तो आजाराचा की हलण्याचा? आता हालचालीचा हिशेब करून खराब चित्रं वगळतात, तरी सगळं निघत नाही.

त्यात झोप. पहाटे तीनला उठून प्रवास करून आलेला शेतकरी मशीनच्या त्या ठकठक आवाजातही घोरतो. २०१४ च्या एका अभ्यासात आढळलं, की स्वस्थ पडून राहायला सांगितलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांची जाग पहिल्या तीन मिनिटांतच डळमळते. आणि झोपलेल्या मेंदूचा मेळ जागेपणीच्या मेळापेक्षा वेगळा असतो. येण्याआधी कडक चहा घेतलाय का, त्यानेही मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो. आठवलं ना, आपल्याला फक्त पाणी दिसतंय. शिवाय रुग्ण आधीच गोळ्या घेत असतो आणि निरोगी माणूस घेत नसतो.

एक गोष्ट त्याहून खोल आहे. संगणकाला शिकवताना 'हा रुग्ण, हा निरोगी' हे त्याला कोण सांगतं? डॉक्टरच, बोलण्यावरून केलेल्या निदानाने. स्किझोफ्रेनिया नावाच्या एका पिशवीत कदाचित चार वेगवेगळे आजार असतील. पिशवीवरची चिठ्ठीच ढोबळ असेल तर मशीन तिच्यापेक्षा बारीक कसं सांगणार? काही संशोधक आता चिठ्ठ्या बाजूला ठेवून मेळावरूनच नवे गट पाडता येतात का ते बघत आहेत. २०१७ मध्ये नैराश्याचे चार प्रकार सापडल्याची बातमी गाजली, दोन वर्षांनी दुसऱ्या गटाला ते तसे सापडले नाहीत. तरी ती वाट मला खरी वाटते. हळू जाणारी आहे, एवढंच.

मग हे सगळं फुकट गेलं का? मुळीच नाही. गाठ किंवा फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची असते तेव्हा बोलण्याचा आणि हात हलवण्याचा भाग नेमका कुठे आहे ते आधी कळावं लागतं. रुग्ण सूचना पाळू शकत नसेल तिथे हा स्कॅन सर्जनला मदत करतो. नैराश्यात गोळ्यांचा गुण न येणाऱ्यांसाठी डोक्यावर चुंबकाचे स्पंद देण्याचा उपचार आहे. त्याच्या एका पद्धतीत प्रत्येक रुग्णाचा असा स्कॅन करून स्पंद नेमके कुठे द्यायचे ती जागा ठरवतात, पाच दिवस, रोज दहा वेळा उपचार करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तिला परवानगी दिली. म्हणजे आजाराचं नाव सांगायला नाही, पण उपचार कुठे करायचा ते सांगायला स्कॅन कामाला आला. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत यावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे. तिथल्या अभ्यासात कुणी तुम्हाला भाग घ्यायला विचारलं आणि जमत असेल तर जरूर घ्या. युरोप-अमेरिकेतल्या मेंदूंवर शिकलेलं मशीन आपल्या माणसांना नीट ओळखेल असं कशावरून?

पण 'मेंदूचा स्कॅन करून डिप्रेशन आहे की नाही सांगतो' असं पॅकेज कुणी विकत असेल, तर पैसे देऊ नका. माझ्या नात्यातल्या एका बाईने भावाच्या मुलासाठी असं रंगीत चित्रांचं 'ब्रेन मॅपिंग' करून घेतलं, एका मोठ्या शहरात. लाल-निळी चित्रं फार सुंदर होती. त्यावरून त्याला काय सांगितलं ते नीट कुणाला कळलं नाही, आणि ज्या पैशात वर्षभराच्या गोळ्या आल्या असत्या ते संपले. त्या काळात तो उपचाराविना राहिला, याची मला अजून हळहळ वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं, की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आपल्याला कमी पडतंय ते स्कॅन नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करायला सांगितलं आहे, आणि ते निकष लक्षणांचे आहेत.

बेळगावहून धारवाडचं डिमहान्स लांब नाही, मानसिक आजारांसाठी ती सरकारी संस्था आहे. जाणं जमेपर्यंत १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर फोन करा आणि मराठी निवडा. आपल्या भाषेत बोलता येतं, चोवीस तास. आणि डॉक्टरांकडे जाताना लक्षणं घरीच, आपल्या भाषेत, लिहून न्या. काय झालं, कधीपासून, कुणाच्या देखत. भाषांतर कागदावरून करणं सोपं जातं, आणि कागद सासूला घाबरत नाही.

त्या दिवशी मी मामांना बाकावर बसवलं आणि पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर ते सांगतील तसं लिहून घेतलं. मिरगाच्या आठ दिवस आधीपासून झोप कमी. आधी दोनला उठायचा, मग झोपणंच बंद. भात लावताना चिखलातून उठून गेला, कुणीतरी हाक मारली म्हणाला, कुणी मारली नव्हती. मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. गणपतीला जेवला नाही, जेवणात काहीतरी घातलंय म्हणाला. धाकट्या बहिणीशी अजून नीट बोलतो. मामांचा एक चुलता असाच होता. दारू नाही.

मावशी मध्येच एकेक आठवून सांगत होत्या. मुलगा तसाच उभा. मी 'हाक ऐकू येते' असं लिहीत असताना तो पहिल्यांदा बोलला. माझ्याकडे न बघता.

"हाक नव्हं. दोघंजण हाईत. आपसांतच बोलतात, माझ्याबद्दल."

मामा त्याच्याकडे बघतच राहिले. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी आधीची ओळ खोडली आणि त्याने सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत, सगळ्यांत वर लिहिलं.